वर्नर होकायंत्र, १९१७ : धुळ्याच्या मोडीत मिळालं, पण उत्तर दिशा चुकवतंय

बुराईकाठ :

नमस्कार मंडळी. मी दोंडाईच्याचा. मागच्या रविवारी धुळ्याला गेलो होतो. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत पितळेची मोड घेणाऱ्या एका दुकानात खलबत्ते, फुटके तांबे आणि समयांच्या ढिगात एक काळपट गोल डबी दिसली. उचलली तर आत काहीतरी डुलत होतं. झाकण उघडलं आणि माझा हात तिथेच थांबला.

झाकणाला मधोमध काचेची खिडकी, काचेवर उभी बारीक रेघ. समोर बिजागरीवर छोटं लोलकाचं (प्रिझमचं) घरटं, त्याखाली अंगठा अडकवायची पितळी कडी. आतली तबकडी शिंपल्याची असावी, कारण तिरपी धरली की तिच्यावर गुलाबी-हिरवी झाक सरकते. कडेला आकड्यांच्या दोन रांगा. बाहेरच्या रांगेतले आकडे उलटे, म्हणजे आरशात दिसावेत तसे. झाकणाच्या पाठीवर 'क्रुशॉन अँड एमन्स, लंडन', खाली नंबर, १९१७ साल, आणि 'वर्नर्स पॅटर्न' लिहून रोमन आकड्यात आठ.

दुकानदार म्हणाला, हे औट्रमसाहेबाच्या भिल्ल पलटणीतलं आहे. बावीसशे रुपयांत घेतलं.

आता अडचण सांगतो. रात्री गच्चीवर ध्रुवतारा बघून पाहिलं, तर हे उत्तर जवळजवळ बारा अंश पूर्वेला दाखवतं. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलो तर चारच अंश. बिघडलंय का? खरं आहे की नक्कल? आणि साफ कशाने करू? घरी आई चिंच घेऊन तयारच बसली आहे.

खान्देशी_बाणा :

भाऊ, त्याले चिंच लावू नको! पहिलं काम हेच, आईला थांबव.

माझी चूक सांगतो म्हणजे कळेल. पाचोऱ्याच्या बाजारात मला डेनिसन, बर्मिंगहॅम, १९१६ सालचं होकायंत्र मिळालं होतं. खिशातल्या घड्याळासारखं, वर झाकण असलेलं. घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी चिंच-मीठ लावून राख घेतली, समईसारखं लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी एका जाणत्याला दाखवलं. तो काही बोलला नाही, फक्त भिंग माझ्या हातात दिलं. पाठीवरच्या सरकारी खुणेच्या बाणाचं एकच पातं उरलं होतं, सालातला शेवटचा ६ गेला होता. वरची काळी झिलई ही घाण नव्हतीच. उन्हात चमकून शत्रूला दिसू नये म्हणून पितळ मुद्दाम काळं केलेलं असतं. शंभर वर्षं टिकलेली ती झिलई मी अर्ध्या तासात घालवली. आज चार वर्षं झाली, ती डबी हातात घेतली की अजून वाईट वाटतं.

कोरडं मऊ सुती कापड, बस. खाचेत माती असेल तर रंगाचा नवा मऊ ब्रश. पाणी नाही, तेल नाही.

पितळी_पेटी :

आधी औट्रमचं मिटवून टाकू. जेम्स औट्रमने खान्देश भिल्ल पलटण उभी केली १८२५ साली, धरणगावात. तुमच्या डबीवर साल आहे १९१७. मध्ये ब्याण्णव वर्षं गेली. दुकानदाराला बोल लावू नका, त्याला कोणीतरी सांगितलं, त्याने तुम्हाला सांगितलं. पण तुम्ही ते पुढे सांगू नका.

आता वस्तूविषयी. विलोबी वर्नर हा ब्रिटिश सैन्याच्या रायफल ब्रिगेडमधला अधिकारी, पक्ष्यांचाही मोठा अभ्यासक. त्याच्या नमुन्याची होकायंत्रं पहिल्या महायुद्धात फार मोठ्या संख्येने बनली. एका कारखान्याचं ते काम नव्हतं, म्हणून नावं वेगवेगळी सापडतात : एफ. बार्कर, शॉर्ट अँड मेसन, जिनिव्हाचा एड. कोन, एस. मॉर्डन. यातला मॉर्डन मूळचा यांत्रिक पेन्सिलींसाठी प्रसिद्ध, त्याचं पेन्सिलीचं पेटंट १८२२ सालचं. युद्धाच्या मागणीपुढे असे धातूचं बारीक काम करणारे सगळेच होकायंत्रांकडे वळले. क्रुशॉन अँड एमन्स हे नावही याच यादीतलं. १९१७ आणि आठवा नमुना ही जोडीही बरोबर बसते.

खरं की नक्कल हे मी असं बघतो. अस्सल डबीवरची अक्षरं बारीक आणि उथळ असतात, कारण ती सरकारी नोंद होती, शोभा नव्हे. नकलेवर नाव ठसठशीत, नक्षीदार, कधीकधी झाकणाच्या आत इंग्रजी कवितासुद्धा. नकलेतली तबकडी बहुधा कागदी छापाची आणि लोलक म्हणजे नुसता काचेचा तुकडा, त्यातून आकडा वाचताच येत नाही. आपल्याकडे रुडकीला मोजणीच्या उपकरणांचा आणि मुरादाबादला पितळेचा जुना धंदा आहे, तिथले कारागीर शोभेची होकायंत्रं सुंदर करतात आणि शोभेची म्हणून विकली तर त्यात काहीच गैर नाही. पण तीच मातीत पुरून, काळी करून, 'आजोबांची' म्हणून कोणी विकतो तेव्हा घेणारा फसतो.

तुमच्या लोलकातून बघा. रेघ आणि आकडे एकाच वेळी स्पष्ट दिसतात का? आणि पाठीवर, कडेवर भिंग लावून बाणाची खूण शोधा. तीन रेघांचा, कोंबडीच्या पायासारखा बाण. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारच्या भांडारातला.

साखळीपट्टी :

मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होतो, आता निवृत्त आहे. जुन्या वस्तूंतलं मला कळत नाही, पण प्रिझमॅटिक कंपास, म्हणजे लोलकातून वाचायचं होकायंत्र, आयुष्यभर हातात होता.

बुराईकाठ, तुम्ही लिहिलंय 'गच्चीवर'. स्लॅबची गच्ची ना? मग पायाखाली लोखंडी सळ्यांची जाळी आहे. बाजूला पाण्याच्या टाकीचा स्टँड, डिशचा खांब, कदाचित पत्र्याची शेड. एका कोपऱ्यात बारा आणि दुसऱ्यात चार येतात, याचा अर्थ बहुधा असा की चूक यंत्राची नाही, जागेची आहे. यंत्रातच कायमची चूक असती तर दोन्हीकडे सारखीच आली असती. खिशात मोबाईल होता का? त्यातल्या स्पीकरला चुंबक असतं.

आधी एक सोपी परीक्षा करा. घराबाहेर, लोखंडापासून लांब, लाकडी स्टुलावर यंत्र सपाट ठेवा. तबकडी स्थिरावली की आकडा लिहून घ्या. मग चाकू जवळ आणा, तबकडी वळेल. चाकू लांब न्या. तबकडी पुन्हा त्याच आकड्यावर आली पाहिजे. असं दहा वेळा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. दरवेळी वेगळ्या आकड्यावर अडकत असेल तर खालची सुई बोथट झाली आहे, किंवा तिच्यावरच्या अकीक दगडाच्या टोपीला तडा गेला आहे. तबकडीचा सगळा भार त्या एका टोकावर असतो. म्हणून तर झाकण मिटलं की तबकडी वर उचलली जाते. नेताना झाकण कायम मिटलेलं ठेवा.

सातपुडा_पायथा :

मी शिरपूरला डिप्लोमा सिव्हिलला आहे. कॉलेजच्या कंपासमध्येही आकडे उलटे असतात आणि शून्य दक्षिणेला असतं. पाठ केलंय, पण कारण नीट कळलेलं नाही. काका, सांगाल का?

साखळीपट्टी :

बेटा, पाठ नको करू, हातात धर. समजा तू उत्तरेकडच्या झाडाकडे बघतोस. झाड आहे तबकडीच्या पलीकडे, पण लोलक आहे तुझ्या डोळ्याशी, म्हणजे अलीकडे. तो आकडा वाचतो तबकडीच्या तुझ्याकडच्या कडेवरचा, आणि तू उत्तरेकडे तोंड केलंस की ती कड दक्षिणेची. वाचायला शून्य मिळायला हवं, म्हणून शून्य दक्षिणेवर कोरलेलं. आणि लोलकातून प्रतिमा उलटून येते, म्हणून आकडे आधीच उलटे लिहिलेले, डोळ्याला सरळ दिसावेत म्हणून. वर्नरच्या आतल्या रांगेत आकडे सरळ असतात, कारण ती लोलकाशिवाय, वरून बघायची.

या युक्तीचं पेटंट १८१२ सालचं, श्मालकाल्डर नावाच्या लंडनच्या कारागिराचं. तुझ्या कॉलेजमधल्या कपाटात आहे ते यंत्र त्याच घराण्यातलं.

बुराईकाठ :

सगळ्यांचे आभार. आईने चिंच परत बरणीत ठेवली.

चाकूची परीक्षा दहा वेळा केली. नऊ वेळा त्याच आकड्यावर, एकदा अर्धा अंश इकडे. लोलकातून आकडे इतके स्वच्छ दिसतात की मी शेजारच्या पोरांनाही दाखवले. झाकणावर बाण सापडला! खाली आय नाही. पण बाजूला अजून एक खूण आहे, दोन बाण टोकाला टोक लावून, चांदणीसारखे दिसतात.

रेडियम काम करत नाही. झाकणावर आणि तबकडीवर पिवळसर-तपकिरी ठिपके आहेत, अंधारात काहीच चमकत नाही. म्हणजे ते विरलं असेल ना? काच काढून नवा चमकणारा रंग भरता येईल का?

पितळी_पेटी :

नाही! काच अजिबात उघडू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं.

ठिपके चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपलं, हा समज फार घातक आहे. रेडियमचं अर्धं आयुष्य सुमारे १६०० वर्षं. १९१७ पासून आजपर्यंत त्यातलं जेमतेम काही टक्केच कमी झालंय. विझलंय ते त्याच्यासोबतचं झिंक सल्फाइड. रेडियमच्या किरणांनी ते चमकायचं आणि त्याच माऱ्याने ते जळून गेलं. दिवा विझला, विस्तव तसाच आहे. अमेरिकेत न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये याच रंगाने घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशाला ओठांनी टोक काढायच्या. कितीतरी जणींचे जबडे गेले, जीव गेले.

बंद काचेआड ठेवलं, हाताळून हात धुतले, तर एका होकायंत्राची भीती बाळगायचं कारण नाही. पण खरवडायचं नाही, रंगाची पूड होऊ द्यायची नाही, मुलांच्या हातात खेळायला द्यायचं नाही. उशाशी ठेवू नका. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, म्हणून हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवा. काच तडकलेला नग मी स्वतः घेत नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

आणि ती चांदणी! टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने तो माल सेवेतून काढून रीतसर विकला. तुमची डबी चोरीची नाही, कोणाच्या खिशातून पडलेलीही नाही. युद्धानंतर लिलावात निघाली आणि फिरत फिरत धुळ्याला आली. मधल्या शंभर वर्षांत ती कोणाकोणाकडे होती याचा कागद नाही, पण ही एक खूण खरं बोलते.

गिरणाथडी :

माझ्या मते गोष्टीशिवाय वस्तूला काय अर्थ? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यातलंच एखादं हे असू शकतं. खाली चिठ्ठी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

पितळी_पेटी :

हरकत आहे, दादा. कुतचा वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. डबी १९१७ची. वेढा संपला तेव्हा ही बनलीसुद्धा नव्हती.

तुमची भावना मला समजते. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं त्या वाळवंटात गेली आणि त्यांच्या मागे एक पदकही उरलं नाही. म्हणूनच सांगतो, त्यांच्या नावावर खोटी वस्तू चिकटवू नये. होकायंत्र साध्या शिपायाच्या हाती सहसा येत नसे, ते अधिकाऱ्यांकडे असे. उद्या एखाद्या घरातून खरोखर पलटणीतली वस्तू कागदासकट निघाली, तर आपल्या खोट्या चिठ्ठ्यांमुळे तिच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले ते कागदावाचून बोलायचं नाही म्हणूनच. चिठ्ठी जरूर ठेवा, पण तिच्यावर लिहा : अमुक तारखेला, धुळ्यात, मोडीच्या दुकानात, बावीसशे रुपयांना.

एक कायद्याची गोष्टही. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या कोणी चांगला भाव दिला म्हणून पार्सल करू नका.

बुराईकाठ :

पुन्हा अडचण. साखळीपट्टी काकांनी सांगितलं म्हणून मोबाईल, पट्टा, किल्ल्या घरी ठेवून आमच्या मळ्यात गेलो. आदल्या रात्री गवंड्याकडून ओळंबा आणला होता. लिंबाच्या फांदीला टांगला, दोरीमागे ध्रुवतारा आणला आणि त्या रेषेत दोन लाकडी खुंट्या ठोकल्या. सकाळी खुंट्यांच्या रेषेत यंत्र धरलं. तरी सहा अंशांचा फरक! इथे ना सळई, ना टाकी. विहिरीची मोटरही दोनशे पावलांवर. फार वाईट वाटलं.

आणखी एक. तबकडी सपाट राहत नाही, दक्षिणेकडे किंचित झुकते.

काळा_पाषाण :

मी नंदुरबारला भूगोल शिकवते. बुराईकाठ, तुमच्या मळ्याजवळ शेतातून सरळ गेलेली काळ्या दगडांची उंच, अरुंद धार आहे का? मैलोन् मैल भिंतीसारखी?

असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तुमचं यंत्र काहीतरी सांगतंय. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा शेकडो धारा आहेत. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांना उभ्या भेगा पडल्या, त्यात खालून तप्त रस शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा दगड झिजला, ही भिंत उरली. त्या दगडात मॅग्नेटाइट असतं. थिजताना त्याने तेव्हाचं चुंबकत्व धरून ठेवलंय, आणि ते आजच्या उत्तरेशी जुळेलच असं नाही. उंच माथ्यावर वीज पडली तरी दगड चुंबकित होतो. म्हणून काळ्या कातळावर होकायंत्र ठेवून वाचन घेऊ नये.

चुंबकाची मोजणी किती नाजूक असते बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवलं. तिथली इमारत पोरबंदरच्या निवडक दगडात बांधली, कारण आपला काळा दगड चालणारच नव्हता.

झुकण्याचंही कारण सोपं आहे. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला आडवंच नाही, खालीही ओढतं. लंडनला ही ओढ क्षितिजाशी सुमारे ६७ अंशांची, आपल्याकडे तीसच्या आसपास. उत्तर टोक फार खाली जाऊ नये म्हणून तिकडच्या कारागिराने दक्षिण बाजू किंचित जड केली. इथे तेवढी ओढ नाही, म्हणून ती जड बाजू खाली बसते. म्हणजे हे यंत्र अजून विलायतेच्या तोलावर आहे.

आणि एक फायदा. त्या काळी लंडनला चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे १५ अंश पश्चिमेला होतं, दरवेळी हिशेब करावा लागायचा. आपल्या भागात आज तो फरक एका अंशाच्याही आत आहे.

साखळीपट्टी :

मॅडमनी नेमकं सांगितलं. आता जुनी सर्व्हेची रीत वापरा. एका जागेवरून दुसरीचं बेरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, घ्या, मग दुसरीवर जाऊन पहिलीचं घ्या. दोन्हींत बरोबर १८० चा फरक आला तर दोन्ही जागा स्वच्छ. नाही आला तर कुठेतरी ओढ आहे. जागा बदलत जा, स्वच्छ जोडी सापडेपर्यंत.

ती सापडली की त्याच रेषेवर चालत धारेकडे जा आणि धार ओलांडा. लांबचं लक्ष्य तेच ठेवा, दर चाळीस पावलांवर वाचन. सरळ रेषेत चालताय म्हणजे आकडा बदलायला नको. जिथे बदलेल तिथे दगड ओढतोय. रेषा सुटू नये म्हणून मागे खुंट्या ठोकत जा. धारेवर यंत्राच्या भरवशावर चालू नका.

खान्देशी_बाणा :

आठे बठ्ठा काया दगड शे, आणि आम्ही यंत्राला नावं ठेवत होतो!

बुराईकाठ :

मॅडम, धार आहे. आमच्या आणि शेजारच्या मळ्याच्या मधून जाते, गुरं राखणारी पोरं तिच्यावर बसतात. ती भिंत कोणीतरी बांधली असं लहानपणी ऐकलं होतं.

काल दिवसभर तेच केलं. धारेपासून लांब, उत्तरेच्या बांधावरून गावाच्या देवळाचा कळस धरला : ११८. देवळामागच्या पारावर, लोखंडी जाळीपासून बराच लांब उभं राहून बांधावरचा बाभळीचा बुंधा धरला : २९८. तीन-तीन वेळा घेतलं. अर्ध्या अंशाच्या वर कधी हललं नाही.

मग त्या रेषेवर निघालो. पोरं खुंट्या धरून सोबत. वहीत लिहिलंय ते तसंच देतो : ११८, ११८, ११८½, १२१, आणि धारेच्या पायथ्याला १२४. माथ्यावर तबकडी थरथरत होती, कसाबसा १२६ वाचला. पलीकडे उतरलो आणि एकदम ११४. मग ११६, ११७½, ११८. पुढे देवळापर्यंत ११८.

पण एक गोष्ट कळत नाही. धार आमच्या विहिरीच्या अलीकडे संपते, पुढे नांगरलेली जमीन आहे, वर एक दगड नाही. तिथे आडवी दुसरी रेषा घेतली, तरी तसाच चढ-उतार आला. फक्त कमी, तीन अंशांचा.

काळा_पाषाण :

मग धार तिथे संपत नाही, मातीखालून पुढे जाते. अजून दोन आडव्या रेषा घ्या, पन्नास-पन्नास पावलं सोडून. कुठे चढतं आणि कुठे उतरतं त्या जागी खुंट्या ठेवा, काढू नका. मी विद्यार्थ्यांना घेऊन येते.

साखळीपट्टी :

शनिवारी मीही येतो. सकाळी सातला दोंडाईच्याच्या स्टँडवर. ओळंबा आणि फील्डबुक माझं. बुराईकाठ, यंत्र झाकण मिटून आणा, आणि तुमच्या शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा, नाहीतर शनिवारआधी ते नांगर घालतील आणि खुंट्या जातील.